उजव्या पायाचं माप

माझ्या मुलीचा डावा पाय बारीक आहे, ही गोष्ट आमच्या घरात तीन वर्षं सगळ्यांना माहीत होती, आणि ती साफ चुकीची होती. चूक माझी. तीही माझ्या धंद्यातली, म्हणून आधी तीच सांगून टाकते.

मी दारव्ह्याला शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत. पाटी लावलेली नाही, पण ब्लाउज, शाळेचे ड्रेस, लहान पोरांचे पायजमे यांना वर्षभर तोटा नसतो. पायजमा कापताना आम्ही कापड दुहेरी घालतो आणि दोन्ही पाय एकदमच कापतो, म्हणून माप एकाच पायाचं घेतात. मी उजव्याचं घेते, कारण मला शिकवणाऱ्या बाई उजव्याचं घ्यायच्या. मुलगी मांडीवर होती तेव्हापासून तिचे पायजमे मीच शिवले. उजव्या पायाला ते अंगासरशी बसायचे आणि डाव्या पायात झुलायचे. पाहणाऱ्याला दुसरं काय वाटणार? एक पाय भरलेला, एक वाळलेला. दुसऱ्या कुणाच्या अंगावर कपडा झोल खाताना दिसला की मी रस्त्याच्या पलीकडून सांगते, बाई, माप चुकलंय. घरच्या पोरीच्या वेळी मात्र मी मापाला काही बोलले नाही, पायालाच नावं ठेवली.

सासूबाईंच्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला होता. त्याचा पाय वाळत गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. त्यामुळे नातीचा डावा पाय बारीक दिसला तेव्हाच त्यांनी हाय खाल्ली. डोस वेळच्या वेळी पाजलेत, तसं काही नाही, असं मी दहादा सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. रोज सकाळी उन्हात पाय पसरून त्या बसायच्या, नातीला मांडीवर आडवी घ्यायच्या आणि डाव्या पायाला अर्धा तास तिळाचं तेल चोळायच्या. पोरगी मधेच उजवा पाय पुढे करायची, तर तो बाजूला सारायच्या.

"त्याले काय धाड भरली? तो पाह्य कसा केळीच्या खांबावानी हाय," म्हणायच्या.

ती सव्वातीन वर्षांची असताना अंगणवाडीत मुलं तपासायला डॉक्टर आले. मी ऐन लग्नसराईच्या ब्लाउजांत बुडालेली, म्हणून सासूबाई तिला घेऊन गेल्या. गेल्या गेल्या त्यांनी नातीचा डावा पाय डॉक्टरांपुढे धरला आणि भावाच्या पोलिओपासून सगळी कहाणी सांगितली. समोर रांगेत चाळीसएक पोरं रडत होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की डावा पाय यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

यवतमाळला आम्ही दोघी गेलो. एक्स-रे काढणाऱ्या माणसानं विचारलं, "कोणता पाय?" आम्ही सासूसुना एका सुरात म्हणालो, "डावा." एरवी आमचं कशावर एकमत होत नाही.

हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि मोजकंच बोलणारे. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, खाली ठेवली, परत धरली. "या पायात काही दोष नाही," ते म्हणाले. "हाड उत्तम आहे."

"माह्या तेलानं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिथेच हात जोडले. माझाही जीव भांड्यात पडला. घरी जाताना पेढे घ्यायचे, इथपर्यंत माझं ठरून गेलं होतं.

डॉक्टरांचं मात्र काही ठरलेलं दिसत नव्हतं. त्यांनी पोरीचा पायजमा काढायला लावला, तिला टेबलावर उताणी झोपवलं, दोन्ही गुडघे दुमडून पावलं शेजारी शेजारी ठेवली. उजवा गुडघा वर दिसत होता. बोटभर वर. मग ते ड्रॉवर उघडून काहीतरी शोधायला लागले. "टेप इथेच होती," म्हणाले. माझ्या पर्समध्ये टेप नसेल असा दिवस नाही. मी ती काढली, तर ते म्हणाले, "तुम्हीच मोजा, तुमचा हात बसलेला दिसतो." त्यांनी जागा दाखवल्या आणि मी मोजत गेले. मांडी, पोटरी, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंतची लांबी. ते लिहून घेत होते. लिहिण्याआधीच मला कळत होतं की दोन पायांची मापं जुळत नाहीत. चार वर्षं लोकांच्या पोरांना टेप लावली, पण माझ्या पोरीच्या दोन्ही पायांना ती त्या दिवशी पहिल्यांदा लागली.

डॉक्टरांनी तिच्या उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट दाबून पाहिलं. ते डाव्यापेक्षा जाड होतं. मला ते माहीत होतं, पण चप्पल लागून जाड झालं असेल असं मी धरून चालले होते.

"ताई, डावा पाय तिच्या वयाला बरोबर आहे," ते म्हणाले. "हा उजवा जास्त वाढतोय. जन्मापासूनच."

मी विचारलं, "वाढतोय म्हणजे? गाठ आहे?"

"आत काय वाढलंय ते एमआरआयमध्ये दिसेल. चरबी असेल, रक्तवाहिन्या असतील, अजून काही असेल. असं क्वचित होतं. पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही."

'अजून काही' एवढे दोनच शब्द घेऊन मी घरी आले. लाज आणि भीती एकाच वेळी वाटत होती, आणि कुठली जास्त ते मला आजही सांगता येत नाही. ज्या पायाला आम्ही केळीचा खांब म्हणत होतो तोच दुखण्याचा निघाला होता. पाय कापावा लागेल, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. ते मीच मनाशी धरलं आणि पंधरा दिवस कुणाजवळ बोलले नाही.

सासूबाईंनी तेलाची बाटली कोनाड्यात ठेवून दिली. चार दिवस त्या उन्हातही बसल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी मशीनवर असताना हळूच येऊन विचारलं, "मी तीन साल चांगल्या पायालेच तेल लावलं काय वं?"

मला त्यांचा राग आला होता, आणि तो काढायला ही बरी संधी होती. पण पायजमे कुणी शिवले होते? मी म्हणाले, "आई, माप तर मीच चुकली ना."

"मंग आता दोन्हीले लावतो," त्या म्हणाल्या आणि कोनाड्याकडे गेल्या.

एमआरआयच्या दिवशी मुलीचे बाबाही आले. लेकराला सकाळपासून उपाशी ठेवायचं होतं, कारण झोपेचं औषध द्यायचं होतं. जागेपणी एवढा वेळ ती हलल्याशिवाय पडून राहिली नसती. अंगावर धातू नको, असं त्यांनी आधीच बजावलेलं. म्हणून गळ्यातला ताईत सासूबाईंनी स्वतः सोडला. मी तिच्यासाठी नवा पायजमा शिवला होता, हुक नाही, बटण नाही, नुसतं इलॅस्टिक, आणि दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घेऊन. एवढी तयारी करून मी तिला कडेवर घेऊन त्या खोलीच्या दाराशी गेले, आणि तिथल्या माणसाच्या हातातलं यंत्र माझ्या खांद्याशी येऊन वाजायला लागलं.

"बाई, लोखंड आहे तुमच्याजवळ."

"नाही हो," मी म्हणाले. त्यानं परत फिरवलं, परत वाजलं. मग माझ्या लक्षात आलं. काम करता करता सुई ब्लाउजच्या खांद्याला टोचून ठेवायची मला सवय आहे, आणि त्या दिवशीही ती तिथेच होती, निळ्या दोऱ्यासकट. तो माणूस असा ओरडला की आतली नर्स धावत आली. मी सुई काढून दिली. "अजून?" त्यानं विचारलं. पदर चाचपला तर दोन टाचण्या निघाल्या. त्यानं त्या कागदात गुंडाळल्या आणि आणखी काय निघतंय म्हणून माझ्याकडे पाहत राहिला.

मुलीचे बाबा मागे उभे होते. त्यांना हसू फुटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ते हसले. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. नर्सनं पोरीला माझ्या कडेवरून घेतलं.

आम्ही बाहेर बसलो. आतून मशीनचा ठकठक आवाज येत होता, मधेच थांबून वेगळ्या सुरात सुरू व्हायचा. तो थांबला की मला वाटायचं, काहीतरी सापडलं म्हणून थांबवलं. सुरू झाला की वाटायचं, अजून शोधतायत. दोन्हीकडून माझ्या जिवाला घोरच.

रिपोर्ट दोन दिवसांनी मिळाला. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म लावून दाखवली. दोन्ही पाय शेजारी शेजारी होते. उजव्या मांडीत कातडीखाली आणि स्नायूंच्या मधेमधे पांढरं जास्त होतं, रजईच्या एका कप्प्यात कापूस जास्त भरला गेला तर दिसेल तसं. "ही सगळी चरबी," ते म्हणाले. "हाड लांब आहे, पण निकोप आहे. रक्तवाहिन्या ठीक आहेत. गाठ कुठेही नाही."

"मग पाय कापायचा नाही ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कापायचा? असं कोण म्हणालं?"

मुलीचे बाबाही माझ्याकडे वळून पाहायला लागले. कुणीच म्हणालं नव्हतं. मी मान खाली घातली, पण मला हलकं वाटत होतं, इतकं हलकं की लाजही वाटेना. डाव्या पायाच्या बुटाचा तळवा जाड करून घ्यायचा, म्हणजे चालताना कंबर वाकडी होणार नाही. पुढे फरक वाढला तर ऐन वाढीच्या वयात एक छोटं ऑपरेशन करून उजव्या गुडघ्याची वाढ थोपवता येते. डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावलं, आणि आम्ही उठणार तोच म्हणाले, "बसा. एक गोष्ट राहिली."

ती गोष्ट पायाची नव्हतीच. अंगाचा एखादा भाग असा जास्त वाढणाऱ्या मुलांपैकी काहींना लहानपणी मूत्रपिंडात गाठ होते. फार थोड्यांना. होईलच असं नाही, पण झालीच तर ती झपाट्यानं वाढते, म्हणून लवकर सापडायला हवी. लवकर सापडली तर उपचार होतो. "आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. एकही चुकवायची नाही. आठ पूर्ण झाली की ती धास्ती संपली असं समजा."

मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांचीही नव्हती. पायाची भीती ज्या खुर्चीत गेली, त्याच खुर्चीत पोटाची भीती मिळाली.

मग आमच्या घरात तीन-तीन महिन्यांचं पंचांग सुरू झालं. यवतमाळच्या सोनोग्राफीच्या दवाखान्यात बाकावर सगळ्या गरोदर बाया, आणि त्यांच्यात मी लेकराला घेऊन बसलेली. पाण्याची बाटली पोरीच्या तोंडाला लावलेली, कारण पोट दाखवायचं तर लघवी साठायला हवी. दर वेळी कुणीतरी आपुलकीनं विचारायची, "दुसरी खेप काय? कितवा लागला?" सुरुवातीला मी सगळं समजावून सांगायचे. नंतर कंटाळा आला. एकीला मी सरळ सांगितलं, "सातवा." तिनं मला आपली जागा दिली, आणि मी बसलेही.

गल्लीतही बोभाटा झालाच. ही बाई दर तीन महिन्यांनी सोनोग्राफीला जाते आणि घरात पाळणा काही हलत नाही, म्हणजे नक्की काय चाललंय? समोरच्या घरच्या काकूंनी एकदा सासूबाईंना आडून आडून विचारलं. सासूबाईंनी ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला उत्तर दिलं, "सुनेचं पोट नाही पाहून राह्यले, नातीचं पाहून राह्यले! तुले कायले पाह्यजे पंचाईत?" त्या दिवशी मला सासूबाई पहिल्यांदा मनापासून आवडल्या.

पोरगी सहा वर्षांची असताना एकदा सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई एकाच जागी यंत्र फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आतड्यात गॅस आहे, डावी बाजू नीट दिसत नाही. तीन महिने नको, पंधरा दिवसांनी या." एवढंच. पण ते पंधरा दिवस मी घरात कुणाला सुखानं जगू दिलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या. मुलीच्या बाबांशी भांडले, कशावरून ते आठवत नाही. पोरीनं ताटात भात टाकला म्हणून तिच्या अंगावर अशी ओरडले की ती खरकट्या हातानं आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. मला तिचा राग नव्हता. ती अर्धपोटी उठली की मला वाटायचं, तिची भूक गेली, म्हणजे ती गाठ आलीच. पंधरा दिवसांनी पोट साफ दिसलं, दोन्ही बाजू स्वच्छ. त्या दिवशी मी तिला बसस्टँडवर दोन समोसे खाऊ घातले आणि ओरडल्याबद्दल काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं.

शेवटची सोनोग्राफी आली ती सोयाबीनच्या हंगामात. मुलीचे बाबा मळणीयंत्राच्या नंबरात अडकले होते. यंत्र एकदा दुसऱ्याच्या वावरात गेलं की आठ दिवस परत येत नाही. "तुम्ही राहा, आम्ही जातो," मी म्हणाले आणि आम्ही मायलेकी गेलो.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे पोरीच्या पोटावर गार जेली लावली, नेहमीप्रमाणे ती कळवळून हसली. यंत्र फिरत राहिलं. मग त्यांनी कागदानं पोट पुसलं आणि म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे. आठ पूर्ण झाली ना? आता यायची गरज नाही."

मी स्टुलावरून उठलेच नाही. पोरगी टेबलावरून उतरून बूट घालायला लागली तरी मी बसूनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय झालं, ताई?"

"एकदा अजून पाहता का?"

बाहेर पंधरावीस बाया ताटकळत होत्या. डॉक्टरीणबाई चिडल्या असत्या तरी मी काही म्हटलं नसतं. त्यांनी पोरीला परत टेबलावर घेतलं, परत जेली लावली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. साडेचार वर्षं मी त्या खोलीत येत होते आणि पडद्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी आपली डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे पाहत बसायची, त्यांच्या कपाळाला आठी पडते का ते. आता पाहिलं तर सगळं करडं करडं, ढगाळ. "ही उजवी किडनी, ही डावी," त्या बोट ठेवून म्हणाल्या. मला काही ओळखू आलं नाही. तरी मी दोन्हीकडे पुरेसं पाहून घेतलं आणि मग उठले.

दिग्रसकडे जाणारी बस लागलेलीच होती. दारव्हा वाटेतच पडतं. खिडकीची जागा मिळाली. मुलीच्या बाबांना फोन करावा असं मनात आलं, मग वाटलं, घरी जाऊन समोरासमोर सांगू. लोहारा मागे पडला एवढं मला आठवतं.

कुणीतरी दंडाला हलवत होतं. "आई, दिग्रस आलं."

मी धडपडून उठले. खरंच दिग्रसचं स्टँड होतं, ऊन कललं होतं. "दारव्हा कुठी गेलं?"

"मागंच गेलं. कंडक्टर काका आवाज देत होते, पण मी म्हणलं, आईले उठवू नका. पुढचं तिकीट आई उठली का देईन."

"मले काहून नाही उठवलं?"

"तू बसमधी कधीच झोपत नाही ना," ती म्हणाली.

कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं. खाली उतरून फोन पाहिला, तर सोनोग्राफीच्या खोलीत बंद केलेला आवाज तसाच बंद होता आणि मुलीच्या बाबांचे चौदा फोन येऊन गेले होते. मी लावला. अर्धी रिंगही वाजली नाही.

"अवं, कुठी हायेस तू?"

"दिग्रसले."

मग त्यांचा आवाज आला, तो मी ओळखला नसता. "दिग्रसले? काय निंगालं तिच्या पोटात? कोन्या डॉक्टरकडं पाठवलं?"

"कोन्याच नाही. काहीच नाही निंगालं हो. आता यायचं कामच नाही म्हणे. मले झोप लागली बसमधी, म्हणून पुढं आलो."

फोनमधून फक्त मळणीयंत्राचा आवाज येत होता. मग म्हणाले, "तिथीच थांबा. मी येतो."

"परतीची बस आहे की."

"बस राहू दे. मी येतो म्हणलं ना."

आणि मळणीयंत्राचा नंबर सोडून ते खरंच आले. मोटरसायकलवर मागे सासूबाई, पदर कमरेला खोचलेला. ह्यांच्या केसांत मळणीतलं कुटार, सोयाबीनचा भुसा, तसंच होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ बाकाशी गेले आणि पोरीला उचलून छातीशी धरली, जाड तळव्याच्या बुटासकट, अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं. ती लाजली. स्टँडवरचे लोक पाहत होते.

"बाबा, खाली ठेवा ना. मी आठ वर्षाची हाय."

"हाय ना," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.